आवाजाची पोथी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपणही लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या दुकानात बसलेल्या माणसाने इतिहासावर काय लिहावे? परंतु मंडळातील एका स्नेह्यांनी, "तुमच्या घरच्या त्या टेपरेकॉर्डरची हकीकतच लिहा, तोही इतिहासच आहे," असा आग्रह धरला. विचार करता त्यांचे म्हणणे मला पटले. म्हणून एका लहानशा यंत्राच्या जीर्णोद्धाराची ही कथा सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपले कारंजा हे पोथ्यांचे गाव. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला आणि आपण अकोला जिल्ह्यातून या जिल्ह्यात आलो. पण त्याच्या कितीतरी आधीपासून कारंजा विद्वानांना ठाऊक होते ते येथील शास्त्रभांडारांमुळे. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तिन्ही मंदिरांतील हस्तलिखिते येथील लोकांनी पिढ्यान्पिढ्या बासनांत बांधून जपली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली. तीत या ग्रंथांची नोंद झाली आणि अभ्यासकांची पावले इकडे वळली. पुढे कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले महाकवी पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये प्रकाशित झाले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी १९३२ ते १९३४ या काळात 'सावयधम्मदोहा', 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' इत्यादी अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणले.

पुष्पदंत दहाव्या शतकातला. त्याची वाणी सुमारे हजार वर्षांनी छापखान्यापर्यंत पोहोचली, कारण प्रत झिजली की नवी प्रत करणारे हात मिळत गेले. आणि ती वाचण्यासाठी शेवटी काय लागले? दोन डोळे, दिवसाचा उजेड आणि लिपीचे व भाषेचे ज्ञान. याउलट १९६४ साली आमच्या घरात उच्चारलेली काही वाक्ये अवघ्या अठ्ठावन्न वर्षांत कायमची नाहीशी होण्याच्या बेतात होती. ती लिहिलेली नव्हती, फितीवर उमटलेली होती. फीत सुरक्षित होती, तिचा डबाही सुरक्षित होता. मात्र ती वाचणारे यंत्र मुके झाले होते. पोथी आणि फीत यांतला हा फरक मला फार उशिरा कळला, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

यंत्र घरात येते

माझे धाकटे काका हौशी होते. त्यांनी १९६४ च्या दिवाळीपूर्वी मुंबईहून, परदेशातून आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थाकडून, हा टेपरेकॉर्डर विकत आणला. त्यावर तो जपानमध्ये तयार झाल्याचा उल्लेख तेवढा होता. आकार रोजमेळाच्या मोठ्या वहीएवढा, वजन दीड किलोच्या आसपास. पारदर्शक झाकणाखाली दोन लहान चकत्या, प्रत्येकी तीन इंच व्यासाची. एकच दांडा, तो एका बाजूला सरकविला की ऐकायचे, दुसऱ्या बाजूला सरकविला की नोंदवायचे. साबणाच्या वडीएवढा माइक वायरने जोडलेला. एका बाजूला जेमतेम दहा-बारा मिनिटे मावत.

मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. ओसरीवर गादीवर बसलेले आजोबा आणि त्यांच्यापुढे माइक धरून उकिडवे बसलेले काका, एवढेच चित्र माझ्या मनात आहे. आजोबांनी पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा विचारलेला प्रश्न मात्र घरात पुढे कित्येक वर्षे सांगितला जाई: "काऊन रे, हे माह्यंच बोलनं मले आयकू येते का?"

तीन वर्षांनी, १९६७ साली, आजोबा गेले. यंत्रातले सेल संपले, पुन्हा घातले गेले, पुन्हा संपले. मग केव्हातरी ते यंत्र फितीच्या एकुलत्या एका डब्यासह माळ्यावरच्या पेटीत गेले. सेल आतच राहिले.

तारेपासून फितीपर्यंत

हे यंत्र कोणत्या परंपरेतले, हे समजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत उलगडणार नाही. चुंबकाच्या साहाय्याने आवाज साठविण्याची कल्पना प्रथम प्रत्यक्षात आणली ती डेन्मार्कचे व्हाल्डेमार पौल्सन यांनी, १८९८ साली. ते पोलादी तारेवर आवाज नोंदवीत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ यांचा आवाज नोंदविला. तो आजही ऐकता येतो. तारेच्या जागी फीत आली ती जर्मनीत. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी चढविण्याच्या कामात मुरलेल्या फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवून तिच्यावर आवाज नोंदविला. त्याच मार्गाने पुढे जाऊन १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेत आणि जपानात पसरली.

प्रारंभीची यंत्रे अवजड होती. पुढे सोनी या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या जपानी कंपनीने १९५० साली आपला पहिला टेपरेकॉर्डर बाजारात आणला. त्याचे वजन ३५ किलो होते. यंत्र लहान करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. मूळच्या पोलंडच्या स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली खांद्याला अडकविता येईल असे यंत्र तयार केले आणि त्याला 'नाग्रा' हे नाव दिले. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'ते नोंदवील' असा होतो. नाग्राची पुढची यंत्रे जगभरच्या नभोवाणी केंद्रांनी आणि चित्रपटवाल्यांनी वापरली. पण सामान्य घरात टेपरेकॉर्डर जाण्यासाठी तो हलका असून भागत नव्हते, स्वस्तही असावा लागत होता. १९४७ साली शोध लागलेल्या ट्रान्झिस्टरमुळे बल्बसारख्या जुन्या व्हॉल्व्हची गरज संपली आणि सेलवर चालणारे छोटे टेपरेकॉर्डर करणे शक्य झाले. साठच्या दशकाच्या आरंभी जपानी कारखान्यांनी असे अनेक नमुने वेगवेगळ्या नावांनी जगभर पाठविले. आमचे यंत्र त्यांपैकीच एक.

स्वस्ताईसाठी या यंत्रांत एक मोठी काटछाट केलेली असे. चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये फिरती धातूची कांडी आणि रबराचा रूळ फितीला चिमटीत धरून नेहमी एकाच वेगाने ओढतात. या छोट्या यंत्रांत ती कांडी नसे. मोटरचे रबरी चाक फीत गुंडाळणाऱ्या चकतीलाच फिरवी. आता आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. कापड गुंडाळताना पहिल्या वेढ्याला थोडे कापड लागते. गुंडाळी जाड झाली की त्याच एका वेढ्याला कितीतरी अधिक लागते. हात तेवढ्याच गतीने फिरला तरी कापड अधिकाधिक वेगाने ओढले जाते. तसेच येथे होई. चकती भरत जाई तसा फितीचा वेग वाढत जाई. आरंभी हळू, शेवटी दीडपटीहूनही अधिक.

मग आवाज बिघडत कसा नसे? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर सोपे आहे. जमाखर्चात भरपाई चुका नावाचा एक प्रकार असतो. एका बाजूला झालेली चूक दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रकमेची झाली, तर तेरीज जुळते. नोंदविताना फीत जिथे जितक्या वेगाने धावली, तिथे ऐकतानाही तितक्याच वेगाने धावली की आवाज नैसर्गिक येतो. मात्र अट एकच: यंत्र तेच हवे, नाहीतर अगदी त्याच घडणीचे.

आणखी एक गोष्ट. आमचे यंत्र घरात आले त्याच्या आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट आणली होती. तिच्यामागील अभियंता लू ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला आणि यंत्राचा आकार त्याबरहुकूम ठरविला, असे सांगतात. म्हणजे काकांनी हौसेने आणलेली वस्तू विकत घेतली त्या दिवशीच जुनी झाली होती. कारंज्याच्या ओसरीवर हे कोणाला ठाऊक असणार? पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट खेडोपाडी पोहोचली आणि तीन इंची चकत्या कोणाच्या स्मरणातही उरल्या नाहीत.

या साधनाचे मोल किती, हे आपण वऱ्हाडातील माणसांना वेगळे सांगायला नको. गाडगेबाबांचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झाले आणि ते फितीवर नोंदले गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबांनी देह ठेवला. आज तो आवाज मोबाइलवरही ऐकता येतो. समोरच्या माणसाला बोलते करणारे त्यांचे प्रश्न, मध्येच होणारा नामघोष आणि ती अस्सल वऱ्हाडी बोली कागदावर उतरवता येतील; त्यांचा स्वर उतरवता येत नाही. ज्यांनी त्या दिवशी यंत्र सुरू केले, त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

माझा विलंब

आता स्वतःच्या दोषाकडे येतो. काका उतारवयात वर्षातून एकदोनदा तरी विचारीत, "त्या मशीनचं काही होते का पाहा रे. बाबांचा आवाज एकदा आयकायचा आहे." मी दरवेळी हो म्हणे. लग्नसराई संपू द्या, दिवाळीचा माल लागू द्या, वार्षिक हिशेब होऊ द्या, अशी कारणे माझ्याजवळ नेहमीच तयार असत. २०१९ साली काका गेले. ज्यांनी तो आवाज नोंदविला, ते तो पुन्हा न ऐकताच गेले. हे सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगतो. कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे एखादे काम 'पुढच्या महिन्यावर' असेल.

त्यानंतर मात्र मी धावपळ सुरू केली, आणि घाईत आणखी एक चूक केली. २०२१ साली एका मोठ्या शहरातील दुकानात केवळ फीत घेऊन गेलो. त्यांच्याकडे उत्तम प्रतीचा मोठा टेपरेकॉर्डर होता. त्यावर फीत लावताच आरंभी आजोबांचा आवाज चिमणीच्या चिवचिवाटासारखा आला आणि पुढे पुढे जड, घोगरा होत गेला. कारण उघड होते: मोठे यंत्र एकाच वेगाने चालत होते आणि आमची फीत वाढत्या वेगाने नोंदलेली होती. आवाज जुळविण्यासाठी तेथील माणसाने फीत झटक्याने मागेपुढे केली. जुनी, ठिसूळ झालेली ती फीत आरंभाजवळ तुटली आणि वीतभर तुकडा यंत्रात चुरगळून गेला. मी उरलेली फीत डब्यात घातली आणि परत आलो. संगणकाच्या साहाय्याने असा बदलता वेग क्षणाक्षणाला सुधारून घेणारे तज्ज्ञ आहेत, हे मला पुढे समजले. पण त्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या मी ठरविले की आता आधी यंत्र, मग फीत.

जीर्णोद्धार

वाशीमला रेडिओ दुरुस्तीत आयुष्य घालविलेले एक कारागीर आहेत. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणतो. २०२२ च्या हिवाळ्यात मी यंत्र त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मागचे झाकण उघडले, बराच वेळ नुसते पाहिले आणि म्हणाले, "सेठजी, पहिले हे लोहचुंबक काढू. मग बाकीचं पाहू."

या सूचनेचे मर्म असे. चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये जुना आवाज पुसण्यासाठी विजेवर चालणारे वेगळे हेड असते. या स्वस्त यंत्रांत त्याऐवजी लहानसे लोहचुंबक असते. दांडा नोंदविण्याच्या बाजूला सरकला की ते फितीला येऊन टेकते आणि फितीवर असेल ते पुसून टाकते. त्याला वीज लागत नाही, ते कधी थकत नाही, आणि पन्नास वर्षांनीही तितकेच समर्थ असते. गंजलेला दांडा चुकून त्या बाजूला अडकला असता, तर आजोबांचा आवाज आम्ही आमच्याच हाताने पुसला असता. यंत्रातला एकमेव न बिघडलेला भाग सर्वांत घातक होता! भाऊंनी ते चुंबक अलगद काढून माझ्या हातात ठेवले.

त्यानंतर सेलच्या कप्प्याकडे लक्ष गेले. या यंत्रात मोटरसाठी दोन मोठे सेल आणि आवाजाच्या भागासाठी नऊ व्होल्टची वेगळी चौकोनी बॅटरी, अशी सोय होती. आत राहिलेले सेल फुटून त्यांचा क्षार पत्र्याच्या पट्ट्यांवर चढला होता. व्हिनेगरमध्ये भिजविलेल्या कापसाने तो पुसला, मग स्पिरिटने स्वच्छ केले. एक पट्टी पार खाल्ली गेली होती. तिथे पितळेची नवी बसविली.

तिसरी अडचण रबराची. चकती फिरविणाऱ्या चाकावरचे रबर दगडासारखे कडक होऊन एका बाजूने चपटे झाले होते. नवे मिळण्याची आशा नव्हती. उपाय निघाला तो माझ्याच दुकानाच्या ओट्यावर. तेथे बसणाऱ्या शिंप्याच्या शिलाई मशीनला बॉबिन भरण्याचे छोटे चाक असते, त्यावर रबराची कडी असते. ती जवळजवळ त्याच मापाची निघाली. पण 'जवळजवळ' चालणार नव्हते, कारण चाकाचा घेर बदलला की वेग बदलतो. भाऊंनी जुन्या रबराचा घेर दोऱ्याने मोजून घेतला. नवी कडी बसवून मोटर सुरू केली आणि फिरत्या कडीला बारीक पॉलिश पेपर लावून ती हळूहळू झिजवीत मापाला आणली.

मोटरच्या आतील भाग साफ करून सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. आवाजाच्या भागातले चार कपॅसिटर वाळून निकामी झाले होते, ते बदलले. जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरपैकी एकही बदलला नाही. सगळेच नवे का घालू नये, असे मी विचारले तेव्हा भाऊ म्हणाले, "जे चालू आहे त्याला हात लावला की ते आपलं होते, त्याइचं राहत नाही." मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ अधिक सांगायला नको. शेवटी फितीला स्पर्श करणारे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि त्यात साचलेले चुंबकत्व काढून टाकले.

तरीही खरी फीत लावायची नाही, असा भाऊंचा नियम. त्यांनी एक कोरी फीत मिळविली. तिच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी माझा आवाज नोंदविला आणि ऐकविला. तिन्ही ठिकाणी तो सारखाच होता. तेरीज जुळली होती.

घंटेची साक्ष

आमची फीत प्रथम हातानेच सावकाश गुंडाळून घेतली. तुटलेले टोक सांधले. आवाज ऐकण्याच्या छिद्रातून वायर काढून माझ्या मुलाच्या संगणकाला जोडली, म्हणजे फीत एकदाच चालविली तरी पुरे. दांडा सरकविला. खरखर झाली आणि पंचावन्न वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने घसा खाकरला.

आवाज आजोबांचा, हे निश्चित. पण तो जसाच्या तसा का? नवी रबरी कडी, नवे सेल, जुनी मोटर. वेग केसभर तरी बदललाच असणार. त्यांच्या आवाजाची नेमकी आठवण असणारे कोणी उरले नव्हते. काका असते, तर त्यांनी एका क्षणात सांगितले असते. हा प्रश्न सुटला तो अनपेक्षितपणे. फितीत तीन ठिकाणी, बरीच दूरवरून, घंटेचा टोल ऐकू येतो. आमच्या घराशेजारच्या मंदिरात दर्शनाला येणाऱ्या कोणीतरी वाजविलेली ती घंटा आजही त्याच जागी टांगलेली आहे. माणसाचा आवाज वयाप्रमाणे बदलतो. पण तडा गेला नाही तर धातूच्या घंटेचा स्वर बदलत नाही. मुलाने तिचा टोल मोबाइलवर नोंदविला आणि फितीतल्या टोलाशी ताडून पाहिला. फितीतला स्वर अर्ध्या सुराहून थोडा कमी, एवढाच चढा निघाला. तिन्ही टोलांत जवळपास सारखाच. तेवढा फरक संगणकावर उतरविला. आजोबांचा आवाज थोडा सावकाश आणि भारदस्त झाला. तोच खरा, याची साक्ष घंटेने दिली.

त्या अकरा मिनिटांत काय आहे? "काय बोलू?" असे आजोबा विचारतात आणि काका म्हणतात, "जे पाठ आहे ते बोला बाबा." त्यावर त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे लयीत म्हटले आहेत. दशमान नाणी १९५७ साली आली होती, तरी त्यांचा हिशेब वार आणि आण्यांतच चाले. साडेसात आणे वाराचे साडेतीन वार कापड गिऱ्हाइकाने मागितले, तर औटकीतले साडेचोवीस आणि वरचे पावणेदोन असे सव्वासव्वीस आणे ते कापड फाडतानाच सांगत. मी बी.कॉम. झालो, पण मला औटकी येत नाही. माझ्या मुलाला ती कोणती बला, हेही ठाऊक नव्हते. एका पाढ्याला आजोबा मध्येच अडखळतात, स्वतःवरच हसतात आणि पुन्हा आरंभापासून म्हणतात. पाढे पुस्तकात सापडतील. ते हसणे कुठे सापडणार?

नोंदविण्याचा हेतू नसलेल्या गोष्टीही फितीत उतरल्या आहेत. एकदा शकुंतला रेल्वेची लांब शिट्टी येते. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरच्या त्या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले आणि पुढे गाडीही बंद पडली. शेवटच्या मिनिटात, आजोबा औटकी म्हणत असतानाच, आतून एका स्त्रीचा आवाज येतो: "मामाजी, ताट वाढलं. दिवस बुडून राह्यला." सूर्यास्ताच्या आत जेवायचे, हा आमच्या घरचा नियम. पाढा तिथेच थांबतो आणि फीत संपते. तो आवाज माझ्या आईचा. आई १९७१ साली गेली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तिचा आवाज मी विसरलो आहे, हे मला तो ऐकेपर्यंत माहीत नव्हते.

गेलेला वीतभर तुकडा मात्र गेलाच. चकती रिकामी असताना फीत हळू चालते, म्हणून एवढ्या तुकड्यात पाच-सहा सेकंद मावतात. तेथे बहुधा काकांचे पहिले वाक्य असावे. कदाचित त्यांनी तारीख सांगितली असेल. डब्यावर त्यांच्या अक्षरात 'दिवाळी १९६४' एवढेच आहे.

वाचकांना विनंती

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील पुष्कळ बायकांच्या स्वतःच्या आवाजात नोंदविल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. १९८२ साली पुण्यात सुरू होऊन पुढे गुरुग्रामला गेलेले 'आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' भारतीय संगीताच्या अशाच फिती सांभाळते. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९-२० मध्ये जगभरच्या संग्रहांना इशारा दिला होता की २०२५ च्या सुमारास बहुतेक फिती वाचणे अशक्य होत जाईल. त्यांच्या चिंतेचे मोठे कारण चालू यंत्रांची टंचाई हेच होते. मोठ्या संस्थांची ही स्थिती, तर आपल्या घरांतल्या पेट्यांचे काय?

म्हणून अनुभवातून एवढेच सुचवितो. जुने यंत्र सापडले तर प्रथम त्यातील सेल काढून टाका. ते चालते का हे पाहण्यासाठी घरची मोलाची फीत लावू नका. फीत आणि यंत्र एकमेकांपासून वेगळे करू नका, आणि जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याची फीत घरात आहे का, हे पाहा. डब्यावर काय लिहिले आहे ते जपा. आवाज एकदा संगणकावर उतरला की त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. पोथ्या टिकल्या त्या नकला करणाऱ्यांमुळेच. आणि घरात कोणी वडीलधारे 'एकदा ऐकायचे आहे' असे म्हणत असतील, तर लग्नसराई संपण्याची वाट पाहू नका.

आमचे यंत्र आता कपाटात, सेल काढून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवले आहे. भाऊंनी काढलेले ते लोहचुंबक वेगळ्या पाकिटात आहे. पाकिटावर मी लिहून ठेवले आहे: 'हे यंत्रात पुन्हा बसवू नये.'